घडीचे टेबल, मोडीचा भाव

इंग्लंडमध्ये मुलीकडे सहा महिने राहायला गेलेल्या मराठी बापाला तिथे तीनच कामे असतात. नातवाला शाळेतून आणायचे, आज कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा हे लक्षात ठेवायचे आणि खिडकीशी उभे राहून 'लागला परत' असे म्हणायचे. प्रस्तुत लेखकाने दोन महिने ही तिन्ही कामे चोख बजावली. तिसऱ्या महिन्यात त्याच्या हाती गावातल्या लिलावघराची यादी पडली आणि चौथे काम निघाले.

लॉट क्रमांक २१४ असा होता: 'जॉर्ज तिसरा काळातले, महोगनीचे, जडावकामाचे, अर्धगोल, घडीचे पत्त्यांचे टेबल. हेपलव्हाइट धाटणी. थोडी जुनी दुरुस्ती, थोडे नंतरचे काम. एका स्त्रीच्या संग्रहातून. अंदाज ६० ते ८० पौंड.'

लेखकाने हे आपल्या पत्नीला (यापुढे प्रस्तुत पत्नी) वाचून दाखवले. ती नातवाच्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. एक मोजा नेहमीप्रमाणे कमी होता.

"जॉर्ज तिसरा म्हणजे केव्हाचा माहितीये? आपल्याकडे पानिपत झालं ना, तेव्हा तो गादीवर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते."

"मग त्याचं टेबल त्याच्याकडेच राहू दे."

पण लेखकाच्या डोक्यात वेगळेच टेबल फिरत होते. जुन्या वस्तूंची किंमत जाणकारांकडून करून घेण्याचा बीबीसीचा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे. त्यावरून अमेरिकेने १९९७ मध्ये आपला 'अँटिक्स रोड शो' काढला. त्यात न्यू जर्सीतली एक निवृत्त शिक्षिका एक छोटे घडीचे टेबल घेऊन आली. तीसेक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत तिने ते घेतलेले. सांगितलेला भाव ३० डॉलर. पर्समध्ये निघाले २५. तेवढ्यावर सौदा झाला. ली आणि लेस्ली कीनो या जुळ्या भावांनी ते टेबल उलटेपालटे केले आणि दोघांचेही डोळे एकाच वेळी विस्फारले. टेबलावर बॉस्टनच्या जॉन सीमोर अँड सन या कारागिरांची चिठ्ठी होती. १७९४ च्या आसपासचा माल. भावांनी अंदाज सांगितला दोन ते तीन लाख डॉलर. जानेवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ते गेले ५,४१,५०० डॉलरला.

आता यावर एखादा समंजस माणूस 'नशीब एकेकाचं' म्हणून चहा पितो. लेखकाने यादीच्या पाठीवर भागाकार केला. पंचवीसाचे ५,४१,५०० म्हणजे २१,६६० पट. साठ पौंड गुणिले २१,६६० बरोबर १२,९९,६०० पौंड. शिवाय त्याला आठवले की जॉन सीमोर हा काही मूळचा अमेरिकन नव्हे. तो इथल्याच डेव्हन परगण्यातला, ॲक्समिन्स्टरचा. १७८४ मध्ये बायकामुलांसह जहाजात बसून गेला. जाताना एखादे टेबल मागे राहिले नसेल कशावरून? जहाजात काही सगळेच मावत नाही. लेखकाला स्वतःला तेवीस किलोच्या वर एक कुकर आणू दिला नव्हता.

रात्री जेवताना विषय निघाला.

"बाबा," प्रस्तुत जावई म्हणाला, "साठ पौंडांत आयकियाचं धड नवं टेबल येत नाही."

"तेच म्हणतोय मी. दोनशे वर्षांचं येतंय."

"पण मग ते स्वस्त का आहे, हा प्रश्न तुम्हाला पडत नाही?"

पडला नव्हता. जावई संगणकवाला असल्यामुळे त्याला प्रश्न आधी पडतात. उत्तर असे की, या जातीच्या सामानाला इंग्लंडमध्ये 'ब्राउन फर्निचर' म्हणतात आणि हल्ली ते नाव रंगाचे कमी आणि रोगाचे जास्त वाटते. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जॉर्जियन महोगनीला सोन्यासारखा भाव होता. मग २००० नंतर तो असा घसरला की, आज्यांच्या मृत्युपत्रांतली टेबले नाकारण्यासाठी नातवंडे वकील बघू लागली. घरे लहान झाली, भिंती पांढऱ्या झाल्या, आणि भिंतीशी जिथे हे टेबल उभे राहायचे तिथे आता टीव्ही उभा राहिला. १९९६ मध्ये आयकियाने इंग्लंडभर जाहिरात केली होती की घरातले 'चिंट्झ' फेकून द्या. हे चिंट्झ म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, आपले चिटाचे कापड. इंग्रजांनी आपल्याकडून नेले, दोनतीनशे वर्षे पडदे लावले आणि मग स्वीडनच्या सांगण्यावरून फेकून दिले. चिटाबरोबर महोगनीही फेकली गेली. आपल्या बैठकीतला टीपॉय मात्र टिकून आहे. तोही मूळचा तिपाई. तीन पाय म्हणून तिपाई. इंग्रजांच्या कानात त्यातला 'ती' 'टी' म्हणून शिरला आणि त्यांनी त्यात चहा ठेवायला सुरुवात केली.

असे टेबल मुळात करतात कशाला, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे पत्त्यांना टेबल लागते ही कल्पनाच नाही. आपल्याकडे सतरंजी लागते, आणि एक माणूस असा लागतो जो सतरंजीच्या कडेला बसून 'मी नाही खेळत' म्हणत सगळ्यांची पाने बघतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडला मात्र पत्त्यांनी पछाडले होते. एडमंड हॉइल याने १७४२ मध्ये व्हिस्टवर एक पुस्तिका काढली आणि ती धर्मग्रंथासारखी खपली. चार्ल्स जेम्स फॉक्स हा पार्लमेंटातला फर्डा वक्ता. त्याने जुगारात केलेली लाखावर पौंडांची देणी त्याच्या बापाला, लॉर्ड हॉलंडला, फेडावी लागली. एवढे सगळे मांडीवर पाने ठेवून होत नाही. म्हणून टेबल. दिवसा घडी करून भिंतीला टेकवायचे, त्यावर फुलदाणी ठेवायची, आपण अत्यंत सज्जन आहोत असे दाखवायचे. रात्री वरची फळी उलगडायची, मागचा एक पाय बिजागरीवर फिरवून तिच्याखाली आधाराला आणायचा, आत हिरव्या लोकरी कापडाचे मैदान. जुन्या काही टेबलांना कोपऱ्यात मेणबत्तीला जागा आणि कडेने गिनी ठेवायला खळगेही असत. थोडक्यात, दोन तोंडांचे फर्निचर. इंग्लिश स्वभावाला याहून सोयीचे काही सुताराने आजवर केलेले नाही.

लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघता येतो. तिथे माणसे दोन प्रकारची दिसतात, उभी आणि आडवी. उभी असतात ती नुसती फिरायला आलेली. खरे गिऱ्हाईक टेबलाखाली असते. वरून सगळी टेबले सारखीच चकचकतात. वय कळते ते खालून. हाताने केलेल्या स्क्रूची खाच मध्यभागी नसते, जुनी फळी आडव्या अंगाने आकसलेली असते, आणि खालच्या कच्च्या लाकडावर दोन शतकांच्या बोटांचा मळ असावा लागतो. हे सगळे वाचून गेलेला लेखक गुडघ्यांची परवानगी घेऊन लॉट क्रमांक २१४ खाली शिरला. आत एक म्हातारा आधीच टॉर्च घेऊन बसला होता.

"गुड मॉर्निंग," म्हातारा म्हणाला. जणू काही दोघे बसस्टॉपवर भेटले होते.

"गुड मॉर्निंग. मी सहज..."

"लेबल शोधताय. नाहीये. टीव्हीवर तो कार्यक्रम सुरू झाल्यापासून सगळे लेबल शोधत येतात. पूर्वी लाकडातली कीड शोधायचे. ती आहे. पण मेलेली."

म्हातारा चाळीस वर्षे जुन्या मालाच्या धंद्यात होता. लेखकाला पाठीतून उसण भरल्यामुळे लगेच बाहेर पडता येत नव्हते. त्यामुळे पुढचा अर्धा तास त्या टेबलाखाली एक शिकवणी झाली.

लिलावाच्या यादीला स्वतःचे व्याकरण असते. 'जॉर्ज तिसरा' असे लिहिले तर त्या राजाच्या काळातले. 'जॉर्ज तिसरा शैली' असे लिहिले तर राजा जाऊन बराच काळ लोटल्यावरचे. कदाचित गेल्या महिन्यातले. 'अमक्याच्या कामाशी मिळतेजुळते' म्हणजे अमक्याचा काही संबंध नाही, पण त्याचे नाव घ्यायला आम्हाला आवडते. 'एका स्त्रीच्या संग्रहातून' म्हणजे ती बाई नाव सांगायला तयार नाही. 'जशी आहे तशी' म्हणजे घरी नेताना तीन पिशव्या बरोबर आणा. 'जुनी दुरुस्ती' म्हणजे वाईट दुरुस्ती करणारा माणूस आता हयात नाही, त्यामुळे कोणाला बोलता येत नाही.

"आणि हेपलव्हाइट?" लेखकाने आशेने विचारले.

जॉर्ज हेपलव्हाइट हा लंडनचा सुतार १७८६ मध्ये वारला. दोन वर्षांनी त्याची बायको ॲलिस हिने त्याच्या आराखड्यांचे पुस्तक छापले आणि ते इतके गाजले की नवऱ्याचे नाव एका अख्ख्या शैलीला चिकटले. गंमत अशी की, त्याने स्वतःच्या हाताने केलेली म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एक खुर्चीसुद्धा आज जगात नाही. दुसरा मोठा माणूस थॉमस शेरेटन. त्याचे पुस्तक १७९१ पासून निघू लागले. तोही १८०६ मध्ये दारिद्र्यात गेला, आणि त्याच्याही हातचे म्हणून छातीठोकपणे सांगावे असे काही नाही. तरीही गेली दोनशे वर्षे जगभर हेपलव्हाइट आणि शेरेटन रोज विकले जात आहेत. पुण्यात दुकानावर पाटी असते, 'आमची कोठेही शाखा नाही'. इथे सगळ्या शाखाच. मूळ दुकान कुठेच नाही.

म्हाताऱ्याने टॉर्च टेबलाच्या दर्शनी पट्टीवर मारला. मध्यभागी पिवळ्या लाकडाचा एक शंख बसवलेला होता, कडेकडेला तपकिरी सावली धरलेला. ही सावली रंगाची नसते. लाकडाचे पातळ तुकडे गरम वाळूत धरून भाजतात, फुटाणे भाजतात तसेच. फुटाणा फुटायच्या आत काढायचा एवढेच. पिवळ्या सॅटिनवूडचे लाकूड त्या काळी भारत-श्रीलंकेकडूनही येत असे. महोगनी मात्र पलीकडून, जमैका-क्युबा-होंडुरासहून, गुलामांकडून तोडून घेतलेली. १७२१ मध्ये पार्लमेंटाने वसाहतींतल्या लाकडावरची जकात उठवली तेव्हापासून ती जहाजे भरभरून यायला लागली.

"शंख फार सुंदर आहे," लेखक म्हणाला.

"सुंदर आहेच. पण टेबलाचा नाही. टेबल १७९० च्या आसपासचं, साधं. १९०० च्या सुमाराला जडावकामाची परत फॅशन आली. तेव्हा कुणीतरी व्यापाऱ्यानं साधी टेबलं गोळा करून त्यांना शंख बसवले. यादीत लिहिलंय की, 'थोडे नंतरचे काम'."

"म्हणजे शंख खोटा?"

"शंख खोटा, पण सव्वाशे वर्षांचा. शंभर वर्षं झाली की अँटिक. खोटेपणाही अँटिक झालाय त्याचा."

मग त्याने पायांकडे बोट दाखवले आणि आवाज उतरवून, घरातली गोष्ट सांगावी तसा म्हणाला की त्याला हे 'लग्न' असल्याचा संशय आहे. या धंद्यात लग्न म्हणजे वरची फळी एका टेबलाची, पाय दुसऱ्याचे. दोन अर्धवट वस्तू जोडून एक पुरी करायची. लेखकाने विचारले की मग कळते कसे? म्हातारा म्हणाला, "उंचीवरून, लाकडाच्या रंगावरून, आणि दोघं एकमेकांशी कसे वागतात त्यावरून. कुठे तरी कुरकुरतंच." लेखकाच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली होती. त्याने विषय वाढवला नाही.

एवढे सगळे ऐकून शहाणा माणूस घरी गेला असता. लेखक दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बसला. त्याचे म्हणणे असे की, म्हाताऱ्याने एवढे दोष सांगितले म्हणजे त्यालाच ते हवे असणार. मंडईत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाचा हा तर्क होता आणि तो मंडईत खराही ठरतो.

लिलाववाल्याने ६० पौंडांपासून सुरुवात केली. कोणी हलले नाही. ५०. कोणी हलले नाही. सभागृहात एवढी शांतता होती की कुणाच्या तरी सँडविचचा कागद ऐकू आला. ४०. लेखकाने पाटी वर केली. लिलाववाल्याने त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिले आणि म्हणाला, "चाळीस पौंड. पंचेचाळीस कोणी?" लेखकाने घाईघाईने पाटी वर केली.

"सर, बोली तुमचीच आहे."

"हो, हो. पंचेचाळीस."

"सर, तुम्ही तुमच्याविरुद्ध बोली लावताय."

मागच्या रांगेत कोणी तरी हसले. प्रस्तुत जावई शेजारच्या खुर्चीवरून उठून मागे उभा राहायला गेला. हातोडा ४० वर पडला. त्यावर लिलावघराचे २५ टक्के म्हणजे दहा पौंड आणि त्या दहावर व्हॅट दोन पौंड. एकूण बावन्न. पत्त्यांचा पुरा कॅट.

गाडीत टेबल मावले, पण मग प्रस्तुत पत्नी मावेना. शेवटी ती पुढे बसली, जावई गाडी चालवायला, आणि लेखक मागे टेबलाच्या पोटात, दोन पायांमध्ये, एक पाय खिडकीबाहेर धरून. सव्वाचार मैलांत तीन सिग्नल लागले. तिन्ही ठिकाणी शेजारच्या गाडीतल्यांनी त्याला हात केला. ब्रिटिश माणूस दुःखात पडलेल्याला मदत करत नाही. पण हात करतो.

"आणि भाव किती कोसळलाय बघ," लेखक मागून ओरडला. "पूर्वी हजारांत जायची ही टेबलं."

"म्हणजे आपण स्वस्तात घेतलं की इतरांनी नाही घेतलं?" पत्नीने विचारले.

दुसऱ्या दिवशी लेखक नातवाला आणायला शाळेत गेला. परत आला तर टेबल ओळखू येईना. प्रस्तुत पत्नीने आधी ते भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुतले होते, मग कोरडे पुसले होते आणि मग त्याला खोबरेल चोळले होते.

"दोनशे वर्षांची घाण होती हो! तीन फडकी काळीकुट्ट झाली. त्या बाईंनी कधी हात लावला नव्हता वाटतं, ज्यांच्या संग्रहातलं म्हणत होता."

लेखक सोफ्यावर बसला. त्याने तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला की, जुन्या लाकडावर जो थर चढतो, मेण, धूर, हाताचा घाम, उन्हाने उडालेला रंग, त्याला पॅटिना म्हणतात. तज्ज्ञ लोक लाकडाचे पैसे देतच नाहीत, या थराचे देतात. टीव्हीवरचे ते जाणकार टेबलाला नंतर कोणी पॉलिश केले की नाही एवढेच आधी बघतात. ज्याने पुसले, तो बुडाला.

"म्हणजे मळाचे पैसे?"

"हो."

"मग तुमच्या त्या जुन्या स्वेटरचे किती येतील?"

शनिवारी संध्याकाळी उद्‌घाटन झाले. चौघे होते: लेखक, पत्नी, मुलगी, जावई. खेळ अर्थातच मेंढीकोट. लेखकाने आधी नातवाला इस्पिकचा एक्का दाखवून सांगितले की सगळ्या पानांत यावरच एवढी नक्षी का असते. १७११ पासून इंग्लंडमध्ये पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण या एक्क्यावर असे. १८०५ मध्ये तर रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला खोटे एक्के छापल्याबद्दल लंडनमध्ये फाशी झाली. हा कर पार १९६० पर्यंत चालू होता.

"फाशी? पत्त्यासाठी?" नातवाचे डोळे चमकले. दोन महिन्यांत आजोबांच्या कुठल्याही गोष्टीने ते पहिल्यांदाच चमकले होते.

टेबल उघडले. हिरव्या कापडाला दोन ठिकाणी कसर लागलेली होती; खोबरेल तिथपर्यंत पोचून तळ्यासारखे डाग पडले होते. बसल्यावर कळले की चार माणसांच्या टेबलाला पाय चार असले तरी ते चार माणसांच्या सोयीने नसतात. फिरवलेला पाय बरोबर जावयाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आला. तो कोणत्याही बाजूला पाय टाकू शकेना. घोड्यावर बसल्यासारखा बसला. दोन डाव झाले. तिसऱ्या डावात त्याने हळूच पाय बाजूला सारला. टेबलाचा पाय. स्वतःचे तो सारूच शकत नव्हता.

इथे एक सांस्कृतिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. व्हिस्ट हा मुकाट्याने खेळायचा खेळ. त्याच्या नावाचा संबंधच लोक 'चूप' या अर्थाशी लावतात. पान बोटांनी अलगद पुढे सरकवायचे. अठराव्या शतकातला सुतार टेबल करताना हे गृहीत धरून करी. प्रस्तुत पत्नीचे माहेर कोकणातले. तिथे गणपतीत रात्रभर पत्ते चालतात आणि हुकूम मारताना पान खांद्यावरून येते. तिसऱ्या डावात लेखकाच्या हातात शेवटची दश्शी होती आणि चेहऱ्यावर, तो नको म्हणत असतानाही, तसे लिहिलेले होते. पत्नीने हुकमाचा गुलाम उचलला, सगळ्यांकडे एकदा बघितले आणि हाणला.

बिजागरी सुटली. फळी खाली गेली, पाने वर गेली आणि जावई पहिल्यांदाच मोकळा झाला.

"दश्शी माझी," पत्नी म्हणाली.

उरलेला डाव जमिनीवर पलंगपोस अंथरून झाला आणि सगळ्यांत बरा झाला. टेबलाशिवाय पत्ते खेळणारे आपण काही मागासलेले नव्हे, हे लेखकाला त्या रात्री ठासून सांगावेसे वाटले. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पाने, हाताने रंगवलेली, दर अवताराची बारा. एवढा देखणा सरंजाम असून शतकानुशतके बैठकीवरच खेळतात. गोल पानाला कोपरा नाही, बैठकीला बिजागरी नाही. मोडणार काय?

दुरुस्तीवाल्याने १८० पौंड सांगितले. त्याने टेबलाचा वास घेतला, पुन्हा घेतला आणि विचारले, "नारळ?" लेखकाने खिडकीबाहेर बघून 'लागला परत' असे म्हटले.

तेव्हा विकायचे ठरले. जाहिरात लिहायला घर बसले.

"'बिजागरी तुटलेली' असं लिहा," पत्नी म्हणाली.

"तसं नसतं लिहायचं. 'जुनी दुरुस्ती' लिहितात."

"बाबा, शनिवारी तुटलीय," मुलगी म्हणाली.

"मग 'नवी दुरुस्ती'."

"केली कुठे?"

"'दुरुस्तीस वाव'." लेखकाने लिहून टाकले. मग जडावकाम, महोगनी, जॉर्ज तिसरा, आणि थोडे अडखळून 'एका स्त्रीच्या संग्रहातून'.

"मी कधी संग्रह केला?"

"तेरा दिवस होतं आपल्याकडे."

भाव ठेवला बावन्न. पहिला फोन आला तो माशांची टाकी ठेवता येईल का असे विचारणारा. दुसऱ्या बाईंना टीव्हीसाठी हवे होते, त्यांनी विचारले, "उघडतं का?" लेखक प्रामाणिक माणूस आहे. तो म्हणाला, "उघडतं. पण उघडू नका." फोन बंद झाला. तिसरे गिऱ्हाईक दारातच येऊन उभे राहिले. हातात टॉर्च होता.

म्हाताऱ्याने फळीवर हात फिरवला, शंखावर उजेड मारला, पायांकडे बघितलेच नाही. त्याच्याकडे घरी असाच एक सांगाडा होता म्हणे, त्याच काळाचा, पाय धडधाकट, पण वरची फळी गेलेली. त्याला फक्त फळी हवी होती. तीस पौंड.

"आणि हे पाय?" लेखकाने विचारले.

"पायांचंही बघू. त्यांनाही कुठेतरी स्थळ मिळेल."

लेखकाने बावीस पौंडांचे नुकसान मनातल्या मनात २१,६६० ने गुणून पाहिले आणि मग तो नाद सोडला.

परत निघायच्या आठवड्यात लिलावघराची नवी यादी आली. ती आधी पत्नीने उघडली, कारण लेखकाच्या हाती ती लागू द्यायची नाही असे घरात ठरले होते. तिने चष्मा लावला, एक पान दोनदा वाचले आणि हाक मारली.

"अहो, इकडे या. हे आपलं नाही का?"

'जॉर्ज तिसरा काळातले, महोगनीचे, जडावकामाचे, अर्धगोल, घडीचे पत्त्यांचे टेबल. शंखाची उत्कृष्ट नक्षी. एका भारतीय घराण्याच्या संग्रहातून. जुन्या लाकडाची असामान्य, खोल, तेजस्वी झळाळी. अंदाज २०० ते ३०० पौंड.'

पत्नीने बोट झळाळीवर ठेवले.

"हे माझं खोबरेल आहे," ती म्हणाली.

आणि मोज्याची हरवलेली जोडी शोधायला आत गेली.